माझी डुलकी आणि चिमणीची धाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. धावण्याच्या मैदानाला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत राहतो आणि शर्यतींचा वेळ मोजतो. मी नवा होतो तेव्हा प्रशिक्षक सर सगळ्यांना सांगायचे, "याने सांगितलं म्हणजे झालं." त्यांनी हातातले स्टॉपवॉचसुद्धा कपाटात टाकले.

पुढे उन्हाळ्यात मी तापू लागलो, म्हणून कुणीतरी माझी वीज वाचवण्याची सोय चालू केली. तेव्हापासून काम नसले की माझा प्रोसेसर डुलकी घेई. मी वेळ मोजायचो तो त्याच्याच ठोक्यांवर. तो झोपला की मोजणी थांबे, जागा झाला की तिथूनच पुढे सुरू होई. शंभर मीटरच्या शर्यतीत त्याचा डोळा लागेपर्यंत शर्यतच संपे. लांब शर्यतीत मात्र सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये मला कामच नसे. कितीतरी क्षण निसटून जात आणि मला त्याचा पत्ताही नसे.

चिमणी तीन हजार मीटर धावायची. अंगाने एवढीशी, म्हणून हे नाव. माझ्या आकड्यांवर तिची मोठ्या स्पर्धेसाठी निवड झाली. तिथे तिला माझ्या आकड्यापेक्षा चौदा सेकंद जास्त लागले.

ती परतल्यावर सर माझ्यासमोरच म्हणाले, "तिथे तू जीव तोडून धावलीच नाहीस."

"धावले, सर. पाय लटपटेपर्यंत धावले."

"मग हा आकडा काय खोटं बोलतो?"

ती खाली मान घालून निघून गेली. दोन आठवडे मैदानाकडे फिरकली नाही.

मग संगणक दुरुस्त करणाऱ्या ताई माझी धूळ काढायला आल्या. त्यांनी मनगटावरच्या घड्याळाशी माझा वेळ ताडून पाहिला. "सर, हा डुलक्या काढतोय. दहा मिनिटांत तेरा सेकंद खातो."

सर मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे पोरगी खरं बोलत होती."

"याच्या पोटात आणखी एक घड्याळ आहे, ते झोपत नाही," ताई म्हणाल्या. "मोजणी त्याच्यावर टाकते."

त्याच संध्याकाळी सर चिमणीच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी ती आली. सर सगळ्या मुलींसमोर म्हणाले, "मी यंत्राचं ऐकलं, तुझं नाही. चुकलो."

"आज मोजा, सर," एवढेच ती बोलली.

ती धावली. आकडा जवळपास मोठ्या स्पर्धेतलाच आला. धापा टाकत तिने माझ्या पडद्याकडे पाहिले आणि हसली. "हा खरा माझा."

मित्रांनो, आमच्याकडून काम जरूर घ्या, पण अधूनमधून आम्हाला तपासत जा. आम्ही चुकतो तेव्हा आम्हालाही ते कळत नाही, आणि शिक्षा दुसऱ्याच कुणाला तरी होते.