डेल्फिनची पाणथरी

माझी धाकटी बहीण डेल्फिन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली विहिरीच्या कठड्यावर आपटली. मलेरियाने तिची पाणथरी, म्हणजे प्लीहा, आधीच सुजलेली होती. डाव्या बरगडीखाली हाताला लागायची. ती फुटली. मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी पोट उघडून ती काढून टाकली आणि आमची पोर वाचली. इथपर्यंत सगळे शहाणे होते.

घरी आणल्यावर क्लेमेंटीन मावशी आली. आमच्या गावात बाळंतपणापासून काविळीपर्यंत तिचाच शब्द चाले, आणि आमची आय तर तिची सख्खी धाकटी बहीण. मावशीने डेल्फिनच्या पोटावरून हात फिरवला.

"पाणथरी नाही म्हणजे चुलीत विस्तव नाही गो बाय. वर कितीही हंड्या चढवा. अन्न शिजायचं कुठे, रक्त व्हायचं कुठे?"

मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत होते. म्हटलं, "मावशे, अन्न जठरात नि आतड्यांत पचतं. डॉक्टरांनी सांगितलंय, सगळं खायला द्या."

"ज्याने फेकली तोच ना सांगणार? कामाची वस्तू फेकली, असं कोण कबूल करील?"

आयने त्या दिवसापासून पेज लावली. सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी मीठ जरा जास्त घातलेली पेज. आम्ही समोर बसून तळलेले बोंबील खायचो. मी चोरून अंडं दिलं, तर आय ते तिच्या हातातून काढून घ्यायची आणि स्वतःच रडायची. तिची माया खोटी नव्हती, हे आज लिहिताना मान्य करते. पण डेल्फिन उपाशी होती. मी रोज भांडत होते, आणि माझ्या भांडण्याने तिचं पोट भरत नव्हतं.

वर्षभरात तिची हाडं दिसू लागली. अर्धी कळशी आणताना दोनदा थांबायची. मग काय, मावशीला पुरावाच मिळाला! आल्यागेल्याला डेल्फिनचं मनगट धरून दाखवायची. "बघा, अंगाला काही लागतच नाही." अगं, लागायला आधी काही पोटात तर जायला हवं!

जानेवारीत आमच्या भावाचं, फेबियनचं, लग्न झालं. मांडवात पंगत बसली. डुकराचं मटण, वडे, सगळं होतं. डेल्फिनपुढे मावशीने स्वतः पेजेचा वाडगा आणून ठेवला.

नवरीचा काका रुडॉल्फ शेजारीच होता. "हिला काय झालंय?"

"पाणथरी नाही हिला," मावशीने अख्ख्या मांडवाला सांगितलं. "पचत नाही."

डेल्फिनने वाडगा उचलून मावशीच्या हातात दिला. "तू पी, मावशे. तुला आहे ना पाणथरी, तुला पचेल."

पंगत खो खो हसली. डेल्फिनने मटण वाढून घेतलं आणि पाच वडे खाल्ले. आय खांबाला धरून बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने तीनदा विचारलं, "पोट दुखतंय का गो?"

"दुखतंय," डेल्फिन म्हणाली. "भुकेने."

त्या दुपारी आयने तिला माशाचं कालवण वाढलं. पावसाळा लागेपर्यंत पोर भरली, गालांवर रंग आला. आणि मावशीने काय म्हणावं? "वर्षभर मी पेजेवर ठेवली, आतडी साफ केली, म्हणून आता लागतंय!" पन्नास वर्षं होत आली, अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

त्याच वर्षी जुलैत शेजारच्या प्लासिडच्या बायकोची, कार्मिनची, पाणथरी मलेरियाने सुजली. फुगलेली पाणथरी जठराला दाबते, म्हणून दोन घासांतच तिचं पोट भरायचं. गोळ्या मी विरारच्या दवाखान्यातून आणल्या. मावशीने मात्र तिलाही नुसती पेज सांगितली. दाखला कुणाचा दिला? डेल्फिनचा!

हे कळलं तेव्हा डेल्फिन जेवत होती. तशीच उठली. भात, कालवण, दोन उकडलेली अंडी ताटात घेतली, वर दुसरं ताट झाकलं आणि पावसातच निघाली. मी मागोमाग गेले. कार्मिनच्या दारात, उंबऱ्याशी पाय आडवे पसरून मावशी बसली होती.

"काय घेऊन चाललीस?"

"जेवण. तिला थोडं थोडं दिवसातून पाचदा भरवायचं. रोज येणार मी. सरक."

"ती मेली तर?"

"उपाशी मरणार नाही."

मावशी हलली नाही. मोठ्या माणसाला ओलांडू नये, असं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. डेल्फिनने ताट दोन्ही हातांनी वर धरलं आणि मावशीचे पाय ओलांडून ती आत गेली.