सड्याचा राखणदार

सूर्य मावळतीला टेकल्यावर पार्श्याच्या सड्यावर, गावामाथ्याच्या खडकाळ पठारावर, कुणी जायचं नाही, हे विनोदिनीला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूनं बजावलं होतं. पाण्याची विहीर कुठे आहे ते त्यानंतर सांगितलं. सड्यावर राखणदार फिरतो. गावाची शीव सांभाळणारा हा देव मुळात भला, पण त्याच्या वाटेत कुणी आडवं आलेलं त्याला खपत नाही. विनोदिनी कुणाचं सहसा ऐकून घेणारी बाई नव्हे. एवढं एक मात्र तिनं मुकाट्यानं पाळलं, आणि पुढं गावात आलेल्या नव्या सुनांना तेच तिखटमीठ लावून सांगितलंही.

दिवसाचा सडा तिचाच होता. वरचा गवताळ तुकडा घरच्या मालकीचा आणि त्याखालच्या उतारावर तिनं लावलेली काजूची कलमं. नवरा शिवदास मदतीला आला असता, पण त्याच्या गुडघ्यांनी कधीचा संप पुकारला होता. तेव्हा उन्हाळाभर डोक्यावरून कळशा वाहून कलमं तिनं एकटीनं जगवली. दरवर्षी थंडी पडली की वरचं गवत ती जाळून घ्यायची, म्हणजे पुढं वणव्याची भीती नको. गेल्या वर्षी तिच्या हाताखाली कामाला येणारा शांताराम तापानं पडला, जाळायचं राहून गेलं, आणि कुणाच्या तरी बिडीनं डाव साधला. वरची अख्खी ओळ करपली. त्या दिवशी विनोदिनी काळ्या खुंटांपाशी बसून लहान मुलासारखी रडली होती. यंदा उरलेल्या कलमांवर पहिला मोहोर आला होता आणि उद्या सकाळी गवत जाळायला शांताराम येणार होता. यात आता बदल नव्हता.

आणि नेमकी आदल्या दिवशी प्रिया आली. प्रिया ही विनोदिनीच्या बहिणीची मुलगी, साखळी गावच्या बँकेत नोकरी करणारी. नाताळच्या सुट्टीत मयेच्या तळ्यावरची बदकं बघून ती थेट मावशीकडे उतरली होती. पिशवीत कपडे कसेही कोंबलेले, दुर्बीण मात्र तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. दुपारभर सड्यावर भटकून ती परतली तेव्हा तिच्या तळहातावर करड्या रंगाचा एक सुका गोळा होता.

"शी गो बाय, कितां हाडलंस ह्या घरात?"

"मावशी, बघ तरी. यात उंदराचे केस आहेत, टोळाचे पाय आहेत. पक्षी न पचलेलं असं ओकून टाकतो. वरच्या गवतात असे कितीतरी गोळे पडलेत, गवत दबून जागा झाल्यात. मला वाटतं, तिथं भोवत्ये रात्रीचे निजतात."

"भोवत्ये कोण?"

"शिकारी पक्षी. हिमालयापलीकडून येतात थंडीत. दुपारी एक दिसला मला, गवताला घासून उडत होता."

"ती घार आसतली. ती मी रोज बघतंय."

"घार झाडावर निजते. हे जमिनीवर, गवतात निजतात." प्रिया जरा थांबली. "आणि तू उद्या तेच गवत जाळणार."

"जाळतलंय. माझ्या कलमांक कोण राखतलो? तुझो पक्षी?"

प्रियानं वाद घातला नाही. तेच विनोदिनीला जड गेलं. मुलगी एवढंच म्हणाली, की ती संध्याकाळी वर जाऊन बसणार आणि खरं काय ते बघणार. विनोदिनीनं राखणदार सांगितला, त्याला आडवा गेलेल्या माणसाचं वाकडं झालेलं तोंड सांगितलं, शिवदासला मध्ये घातलं. कशाचा उपयोग झाला नाही. बहिणीची तरणीताठी पोर तिन्हीसांजेला एकटी सड्यावर पाठवायची, तर उद्या बहिणीला तोंड काय दाखवणार? शेवटी विनोदिनीनं पदरात एक पोई, कोंड्याचा गोल पाव, बांधली, शिवदासच्या बंडलातली एक बिडी घेतली आणि चपला घातल्या.

"बिडी कुणाला?" प्रियानं विचारलं.

"राखणदाराक. आणि हसू नको. पेटवची नाय, नुसती ठेवची."

सड्याच्या कडेला, काळ्या दगडाच्या आडोशाला दोघी बसल्या. विनोदिनीनं दगडावर पोई आणि बिडी ठेवून हात जोडले आणि मनातल्या मनात मुलीच्या वतीनं माफी मागून घेतली. गार वारा सुटला होता. समोर वाळलं गवत उन्हात पिवळंधमक उभं. सूर्य खाली गेला, आभाळ तांबडं झालं, काहीच आलं नाही. आता उठावं, असं विनोदिनी म्हणणार तोच प्रियानं तिचा हात दाबला.

लांबून एक पक्षी आला. पंख किंचित वर उचलून, न हलवता, तो गवतावरून सरकत गेला. विनोदिनी म्हणणार होती, हीच ती घार. पण त्याच्या मागून दुसरा आला. मग हळर्ण गावाच्या बाजूनं दोन, समुद्राच्या बाजूनं आणखी काही, आणि बघता बघता चहूकडून ते येऊ लागले. काही चुलीतल्या राखेच्या रंगाचे, काही तपकिरी. सगळे मिळून सड्यावर गोल फिरू लागले, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, आणि आवाज म्हणून नाही. एवढे पक्षी एकत्र आले की केवढा कलकलाट होतो, हे विनोदिनीला ठाऊक होतं. ही शांतता तिनं देवळातसुद्धा कधी अनुभवली नव्हती.

एक राखी पक्षी वळण घेऊन थेट त्यांच्याच दगडाकडे आला. विनोदिनीला त्याचे पिवळे डोळे दिसले. त्या डोळ्यांनी तिला पाहिलं, आणि तो डोक्यावरून निघून गेला. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. हात आपोआप जोडले गेले होते, ते तिला नंतर कळलं.

मग एकेक जण पंख मिटून गवतात उतरू लागला. उतरला की दिसेनासाच होई. शेवटचा उतरला तेव्हा अंधारून आलं होतं आणि समोर नुसतं गवत होतं, तिनं एवढी वर्षं पाहिलेलं, वाऱ्यावर हलणारं. त्यात हिमालय ओलांडून आलेले जीव निजलेत, हे कुणाला सांगूनही खरं वाटलं नसतं. आपल्या घराच्या माथ्यावर दर हिवाळ्यात हे घडत होतं आणि आपण खाली चुलीशी बसून होतो.

घराकडे उतरताना तिनं विचारलं, "बाय, दर वर्षी आमी सकाळचां गवत जाळतंव. मगे सांजेक हे येवन खंय गेले आसतले?"

"ठाऊक नाही, मावशी," प्रिया म्हणाली.

काळ्या पडलेल्या जमिनीवर ते अंधार होईस्तोवर गोल फिरत राहिले असतील, एवढं विनोदिनीला न सांगता दिसत होतं.

सकाळी शांताराम काडेपेटी आणि आग झोडपायला ओल्या फांद्या घेऊन हजर झाला. विनोदिनी अंगणात दोन कोयते पाजळत बसली होती.

"जाळूचा नाय. कलमांच्या वरसून रुंद पट्टो कापया. माती उघडी करूची, म्हणजे आग इली तरी थयच अडात. बाकीचा गवत आसा तसा ऱ्हवांदे."

"वयनी, ह्या चार दिवसांचा काम. आणि पट्टो पुरलो नाय तर?"

"नाय पुरलो तर परत कलमां लावीन," ती म्हणाली. "आणि दिवस मावळूच्या आधी काम बंद. मगे वर कोणी फिरकूचा नाय. राखणदार आसा थय."

"ता माका सांगूक होया? मी कधी गेलंय?" शांतारामनं कोयत्याची धार अंगठ्यानं पाहिली. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं आवाज खाली घेतला. "तुमी गेलास? बघितलास तेका?"

"बघितलंय."

"एकटोच होतो?"

विनोदिनीनं सड्याकडे पाहिलं. वर ऊन पसरलं होतं आणि गवताला घासून एक राखी पक्षी सावकाश चालला होता.

"एकटो नाय रे," ती म्हणाली. "खूप आसत."

शांतारामनं काडेपेटी खिशात घातली आणि सड्याची चढण लागताच पायातल्या चपला काढून हातात घेतल्या.