वीतभर टेप

आवाजवाल्याने ब्लेड तिरकं धरून टेपचा वीतभर तुकडा कापला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. उरलेल्या टेपची दोन्ही टोकं चिकटपट्टीने जोडून त्याने तिचं कडं केलं, यंत्रावर चढवलं आणि वेग निम्म्यावर आणला.

"मी... आत... येऊ?"

जड, खोल गेलेला आवाज खोलीभर पसरला. दारात उभा असलेला दिग्दर्शक नकळत मागे सरला.

"अहो, हा कुठून पैदा केलात?"

"घरचाच आहे," आवाजवाला म्हणाला आणि उगाचच टेबल आवरायला लागला.

टीव्ही तेव्हा नवा होता. नाटकं थेट जायची, त्यामुळे चुकलं तर सगळ्या गावादेखत चुकायचं. आजच्या नाटकात एक शास्त्रज्ञ यंत्रावर ताऱ्यांचा कानोसा घेत बसतो आणि त्याला भूत ऐकू येतं. तेही मेलेल्या माणसाचं नव्हे, शंभर वर्षांनी जन्माला येणाऱ्या कुणाचं तरी. लेखकाने कागदावर 'अंगावर काटा आणणारा आवाज' एवढं लिहून हात झटकले होते. आवाजवाल्याने आठवडाभर पत्रे हलवले, बादल्या घासल्या, बरणीत तोंड घालून घुमून पाहिलं. सगळंच पोरकट वाटत होतं. शेवटी दोन वर्षं हात न लावलेली एक टेप त्याने कपाटातून काढली.

त्या टेपवर खरं तर गळका नळ होता. तो घरी नळाचं ठिबकणं टिपत असताना त्याच्या सहा वर्षांच्या मुलीने दार किलकिलं करून विचारलं होतं, "मी आत येऊ?" आणि तो खेकसला होता, "नको! काम चालू आहे, दिसत नाही?" पुढच्याच महिन्यात ती तापाने गेली. तिचा आवाज म्हणून एवढाच उरला होता. खिशातल्या तुकड्यावर त्याचं उत्तर होतं.

बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. ती आज शेजारी नाटक बघायला जाणार, हे ठाऊक असूनही.

सातला लाल दिवा लागला. आवाज ठरल्याप्रमाणे तीनदा आला. शास्त्रज्ञ झालेला नट ओरडला, "नको! आत येऊ नकोस!" आणि त्याने यंत्राचा खटका खाली ओढला. आता आवाजवाल्याने बटण बंद करायचं होतं. हात बटणावरच होता, पण फिरेना. 'नको' ऐकून त्याची पोर पुन्हा दारातून परत निघाली होती.

"मी... आत... येऊ?"

"बंद करा! अहो, काय चाललंय काय?" हेडफोनमधून दिग्दर्शक किंचाळला.

बंद पडलेल्या यंत्राकडे बघून नटाचं धाबं दणाणलं. मुरलेला माणूस, पण पुढची वाक्यंच विसरला. पाचव्यांदा आवाज आला तेव्हा त्याने कोरडे ओठ ओले केले आणि हळूच म्हणाला, "ये. ये बाळ."

हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. आवाजवाल्याने बटण बंद केलं.

नाटक संपल्यावर दिग्दर्शक एवढंच म्हणाला, "उद्या साहेबांपुढे तुम्हीच उभे राहा."

घरी बायको दिवा लावून टेबलाशी बसली होती.

"शेजारी सगळे घाबरले," ती म्हणाली. "त्यांच्या सुनेनं तर तोंडावर उशी घेतली. मी तेवढी नाही घाबरले."

तो पायातले बूटही न काढता उभा राहिला.

"तिला एवढं सावकाश का बोलायला लावलंत? किती भरभर बोलायची ती."

"ओळखलंस?"

"मी नाही ओळखणार?" ती म्हणाली. "निदान मला विचारायचं तरी होतंत."

"हिंमत झाली नाही."

ती म्हणाली, "त्या माणसानं ये म्हटलं. तुम्ही नको म्हणाला होतात."

"तुला कुणी सांगितलं?"

"तिनंच. तुमचं नाव सांगत आली होती माझ्याकडे. गाल फुगवून."

त्याला रडू आवरेना. खिशातला तुकडा काढून त्याने टेबलावर ठेवला. "हेच ते. कापून काढलं मी. फेकून दे."

तिने तो दिव्यासमोर धरून पाहिला, जणू त्यात काही दिसणार होतं. मग टेबलावर ठेवून अंगठ्याने सरळ केला.

"तुम्ही हे बोलत होतात, तेव्हा ती दारातच उभी होती ना?"

"हो."

"मग यात तीही आहे. गप्प राहून ऐकत असेल." तिने तुकडा त्याच्याकडे सरकवला. "परत जोडा. होता तिथं."