चौकातला आडोसा

नवीन जिल्हा झाला आणि आमच्या तालुक्याच्या गावालाही शहर व्हायची हौस सुटली. बाजार चौकाची सुधारणा निघाली. मुरूम उकरून सिमेंटचा रस्ता झाला, उघड्या नालीवर फरशा बसल्या, पानठेल्यांपुढे पुरुषांना टेकायला बाकडी आली, खांबांवर ट्यूबलाइटा लागल्या. सरपंच गुणवंतराव रोज चौकात चक्कर मारून आपलं काम आपणच पाहून यायचे. गोंडपिपरीकडचे लोकही पाहायला येतात, असं ते सांगायचे. कोण आलं होतं, देव जाणे.

या सुधारणेत नालीकाठची बेशरमाची झाडी मुळासकट उपटली गेली. पुरुषांना ती घाण दिसत होती. आम्हा बाजारच्या बायांना मात्र दिवसभरात तेवढाच एक आडोसा होता. खेड्यावरून भल्या पहाटे डोक्यावर टोपली घेऊन निघालेली बाई दिवेलागणीपर्यंत बाजारात बसते. तिला लघवीला लागते हे सुधारणा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. झाडीच्या जागी त्यांनी बायांसाठी मुतारी बांधली. पिवळा रंग, वर पाण्याची टाकी, भिंतीत संगमरवरी पाटी. आणि दाराला हे एवढं मोठं कुलूप.

का, तर उद्घाटन व्हायचं होतं. पाटीवर जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचं नाव कोरून तयार होतं, त्यावर वर्तमानपत्र चिकटवलं होतं. साहेबांचा दौरा ठरायचा आणि रद्द व्हायचा. कधी ते आलापल्लीला अडकायचे, कधी नागपुरात मीटिंग निघायची. होळी गेली, बाबासाहेबांची जयंती गेली, ऊन तापलं. कुलूप तसंच.

मी तेव्हा पोटुशी होते, आठवा लागला होता. माझी सासू बायनाबाई मिरची विकायची आणि मी तिच्या शेजारी तराजू धरायची. दहावी शिकलेली सून तराजूला बरी, असं ती चारचौघींत मिरवायची आणि घरी मला 'मास्तरीण' म्हणून चिडवायची. बाजाराच्या दिवशी मी पाणी पिणंच सोडलं होतं. साऱ्याच बायांनी सोडलं होतं. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्याने खाल्लंय, त्याला मी आणखी काय सांगू?

त्या बाजारी माझ्याने राहवेना. मी गोदामाच्या मागे गेले. तिथेही खांब, तिथेही फरशी. पत्रू चौकीदार शिट्टी फुंकत आला.

"ओ बाई, इथी बसाचं नाई. सुधारणा झाली आता."

"मंग कुठी जाऊ, पत्रूभाऊ? तेवढं कुलूप काढून द्या ना."

"चाबी सरपंचापाशी हाये. अन् उद्घाटन झाल्याबिगर उघडत नाई."

बाकड्यांवरचे लोक माना वळवून पाहत होते. एक जण फिदीफिदी हसला. मी पदर ओढून परत आले, मिरचीच्या ढिगाशी बसले आणि बसल्या जागीच झालं. लुगडं भिजलं, बुडाखालचं गोणपाट भिजलं. मला मरून जावंसं वाटलं. पोटात लेकरू असताना असं बोलू नये, पण वाटलं.

बायनाबाईने पाहिलं. तिने शेजारचं, भाजीवर शिंपडायच्या पाण्याचं मडकं उचललं आणि माझ्या मांडीवर उपडं केलं. मग साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली, "धांदरट कुठची! भरलं मडकं लवंडवलं! डोये कुठी हायेत तुये?"

लोक मडक्याला हसले. माझ्या लुगड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. त्या बाईने मला आयुष्यात पुष्कळ शिव्या दिल्या, पण त्या एका शिवीसाठी मी आजही तिचे पाय धरीन.

मग तिने मिरची पोत्यात लोटली आणि मिरचीखालची चादर ओढून उचलली.

"सोमारी, तुयी चादर घे. सीता, तुयी बी. चला."

"कुठी वो?" सोमारीने विचारलं. ही जंगलातल्या पाड्यावरून चारोळी घेऊन यायची; सीता आमच्या शेजारीच बसायची.

"पंचायतीच्या दारात."

आमच्याकडे बाईला वाटेतच कळा आल्या, तर सोबतच्या बाया लुगडी धरून भोवती उभ्या राहतात. त्या आडोशाकडे पुरुष पाहत नाही. पाहिलंच तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा उरत नाही. बायनाबाईने तो आडोसा भर चौकात उभा केला, पंचायतीच्या पायरीसमोर, कोऱ्या करकरीत सिमेंटवर. चारी बाजूंनी चादरी, धरणाऱ्यांची तोंडं बाहेर.

"जिले लागली हाये, तिनं आत जा," ती म्हणाली. "लाजू नका वो. लाजाची पाळी आपली नाई."

आधी कुणी हललं नाही. मग सोमारी गेली. मग सीता. मग भाजीवाल्या आल्या, बांगड्यावाली आली, बघता बघता रांग लागली. बाकड्यांवरच्या मंडळींना अचानक घरची कामं आठवली. कंत्राटदाराने चौकाचा उतार थेट पंचायतीच्या पायरीकडे काढलाय, हेही त्या दिवशी साऱ्या गावाला कळलं.

गुणवंतराव धावत बाहेर आले आणि पायरीवरच थबकले. बायनाबाईने हातातली चादर जराशी झटकली. मिरचीच्या खकाण्याने सरपंच शिंकायला लागले.

"बायनाबाई! आक्छी! हे काय करून राह्यल्या तुमी? काई शरम?"

"शरम हाये म्हणून तं चादर धरली, भाऊ."

"साहेब येऊ द्या. पुढच्या महिन्यात नक्की..."

"साहेब येतीन तवा येतीन. मुताले साहेब नाई लागत."

"मी पोलीस बलावतो!"

"बलावा. पाय जपून ठेवा म्हणा, वल्लं हाये." मग तिचा आवाज चढला. "बाजारात बसाच्या पैशाची चिठ्ठी दर आठवड्याले फाडता ना आमची? तिचं उद्घाटन होईस्तोवर थांबता काय? मायी सून आठ महिन्याची पोटुशी हाये. तिले काऊन थांबवता?"

सरपंचांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तीनदा शिंकले. पायरीपाशी ओघळ पोचला होता. त्यांनी पत्रूला हाक मारून खिशातली चावी काढून दिली.

बायनाबाईने ती वाटेतच घेतली. "चाबी मायापाशी राहीन," ती म्हणाली आणि पदराच्या गाठीला बांधली. कुलूप तिनेच काढलं. "आधी कमळा," ती म्हणाली, आणि मी भिजल्या लुगड्यानिशी सगळ्यांच्या पुढून आत गेले. दाराला आतून कडी होती. ती कडी लावताना मला रडू फुटलं.

घरी जायच्या आधी आम्ही सगळ्यांनी मिळून चौक धुऊन काढला. घाण ठेवायची आम्हाला सवय नाही.

मोठे साहेब आले ते मृगाच्या तोंडावर. तोवर मुतारी रोज चालू होती, चावी बायनाबाईच्या पदराला होती. बाजाराचाच दिवस होता. माझं पोट पार गळ्याशी आलेलं, घडीघडीला जावं लागे. मी आत होते तेव्हा बँड वाजत वाजत जवळ आला आणि दारासमोर थांबला.

सरपंचांचा दबका आवाज आला. "बायनाबाई, पोरीले लवकर बाहेर काढा. साहेब कातर घेऊन उभे हायेत."

"काय झालं?" हा आवाज साहेबांचा असावा.

"आत बाई हाये, साहेब," माझी सासू म्हणाली. "थांबा."

"किती वेळ?"

"तिचं होईस्तोवर."

बाहेर साहेब, सरपंच, बँडवाले, हारवाले, सगळे भर उन्हात उभे. दार कुणी वाजवलं नाही. मी नळ सोडला. डबा भरून घेतला. पाय धुतले, हात धुतले, तोंड धुतलं.

मग डबा पुन्हा नळाखाली धरला.