बाबांच्या कानात

“अरे, ऐकूच येत नाहीये. जरा मोठ्यानं बोल,” ती पडद्यावरच्या भावाला पुन्हा म्हणाली. हेडफोन कानांवर दाबून पाहिले. भावाचे ओठ हलत होते, आवाजाचा मात्र पत्ता नव्हता.

आदल्याच दिवशी तिनं बाबांची नवी श्रवणयंत्रं ब्लूटूथनं याच संगणकाला जोडली होती. लेथ मशीनच्या खडखडाटात बाबांचे कान कामातून गेले होते. सेटिंग उघडून, यंत्रांची डबी जवळ धरून, पडद्यावर नाव उमटेपर्यंत बापलेक शेजारी शेजारी बसून राहिले. बातम्या थेट कानात सुरू झाल्या तेव्हा कोण बोललं म्हणून बाबांनी दचकून मागं पाहिलं, आणि मग दोघंही पोट धरून हसले.

आज बाबा आतल्या खोलीत आडवे झाल्यावर तिनं दार लोटून भावाला कॉल लावला होता. वृद्धाश्रमात जागा झाली होती. घराला रंग द्यायचा आहे, थोडे दिवस तिकडे राहा, असं बाबांना सांगायचं. एकदा तिथं रुळले की पुढचं पुढे. ही युक्ती तिची. भावानं आढेवेढे न घेता मान डोलावली होती.

दार उघडलं. बाबा उभे होते.

“तो माझ्या कानात बोलतोय,” ते म्हणाले. “विचारतोय, म्हाताऱ्याला रंगाचं खरं वाटेल का?”

तिनं घाईघाईनं ब्लूटूथची यादी उघडली. तिच्या हेडफोनचं नाव फिकट पडलं होतं. संगणकानं कालचीच ओळख धरून बाबांची यंत्रं जोडून घेतली होती. भाऊ अजून बोलतच होता आणि बाबा ऐकत होते. तिनं कसाबसा कॉल तोडला.

बाबा खुर्ची ओढून बसले. आणखी काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही.

“खोलीला खिडकी आहे का गं?”

तिला ठाऊक नव्हतं. ती जागा पाहायलाही गेली नव्हती. तसं सांगितल्यावर बाबांनी, विचारून घे, एवढंच म्हटलं. मग थोडं थांबून म्हणाले, “रंगाचं त्याच्याच डोक्यातून निघालं असणार. तुला नाही असलं जमायचं.”

तिनं उघडी राहिलेली यादी बंद केली. बाबांनी दोन्ही यंत्रं कानांतून काढून टेबलावर ठेवली आणि ते उठले.

“बाबा, ते मी सुचवलं होतं,” ती त्यांच्या पाठीमागून म्हणाली. “त्यानं नाही. मी.”

तिचे ओठ हलताहेत एवढं त्यांना वळताना दिसलं. ऐकू न आलेल्या प्रत्येक बोलण्याला ते देत तसंच उत्तर त्यांनी दिलं, “हो, हो.” आणि तिच्या कामात खंड नको म्हणून जाताना दार हलक्या हातानं ओढून घेतलं.