सात महिन्यांची सर्दी

मी एक रुमाल. हसू नका, आमच्यातही खानदानी असतात. घड्याळजींच्या जुन्या पांढऱ्या शर्टाची पाठ कापून त्यांच्या बायकोने मला शिवलं. तेव्हापासून माझा मुक्काम घड्याळजींच्या उजव्या खिशात.

सगळ्या कामांना मी एकटा. भिंतीवरची जुनी घड्याळं उघडली की वर्षानुवर्षांची धूळ निघायची. ती पुसायला मी, घाम टिपायला मी आणि नाकालाही मीच! अंघोळ मात्र फक्त रविवारी, दुकान बंद असतं तेव्हा.

सगळं सुरळीत चाललं होतं, पण कुठेतरी माशी शिंकली. मागोमाग घड्याळजी शिंकायला लागले. एकदा नाही, लागोपाठ नऊ वेळा. "गारठा बाधला," म्हणाले. वाफ घेतली, मध चाटला, पंखा बंद केला. सात महिने झाले तरी शिंका काही हटेनात. बिचाऱ्यांच्या अगदी नाकी नऊ आले. त्यांचं काम श्वास रोखून करायचं. चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा स्क्रू असताना शिंक आली की संपलंच.

एका दुपारी एक डॉक्टरबाई वडिलांच्या आठवणीचं घड्याळ घेऊन आल्या. घड्याळजींनी ते उघडलं, आणि आक् छी! स्क्रू गेला उडून. ते ओणवे होऊन जमीन चाचपत राहिले. मग उठले आणि घड्याळ परत देत म्हणाले, "बाई, दुसरीकडे न्या. महिनाअखेर दुकान बंद करतोय. हात स्थिर आहे, नजर शाबूत आहे, पण या नाकाने घात केला."

डबा घेऊन आलेल्या बायकोचे डोळे भरले. तीस वर्षांचं दुकान होतं ते. मलाही फार वाईट वाटलं.

"काका, ताप येतो?" बाईंनी विचारलं.

"छे!"

"डोळे खाजतात? नाकातून नुसतं पाणी?"

"अगदी तेच."

"अहो, साधी सर्दी आठ-दहा दिवसांची पाहुणी. सात महिने राहते ती सर्दी कसली? रविवारी कसं असतं?"

"रविवारी फारशी शिंक नाही बघा!" बायको म्हणाली. "मला वाटायचं, घरी आराम मिळतो म्हणून."

एवढ्यात घड्याळजींनी सवयीने माझ्याने एका घड्याळाची काच पुसली आणि मला नाकाकडे नेलं. बाईंनी त्यांचं मनगटच धरलं. "थांबा! धूळ पुसायची आणि तीच नाकाला लावायची? ही धुळीची ॲलर्जी दिसतेय, काका. इतकी वर्षं काही झालं नाही तरी ती कुठल्याही वयात सुरू होऊ शकते. उद्या दवाखान्यात या, छातीही तपासू. अशा त्रासाला कधीकधी दम्याची सोबत असते."

म्हणजे सात महिने त्यात माझाही हात होता! मी शरमेने अर्धमेला झालो. आता केराची टोपली, असं धरूनच चाललो.

पण बायको म्हणाली, "त्याची काय चूक? त्याला तोंड आहे का सांगायला?" तिने मला गरम पाण्यात खळखळून धुतलं. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही, आणि डॉक्टरबाईंचेही. दवाखान्यात घड्याळजींची छाती साफ निघाली. नाकात मारायचा फवारा आला, तोंडाला मास्क आला, धुळीसाठी वेगळं ओलं फडकं आलं. बाईंचं घड्याळही नवा स्क्रू लावून त्यांच्या मनगटावर गेलं.

महिना संपला, दुकान चालूच आहे. तुमच्या घरी कुणी महिनोन्महिने शिंकत असेल, तर 'सर्दीच ती' म्हणून सोडू नका, एवढंच मागणं.

आता मी रोज धुतलेला, स्वच्छ, घड्याळजींच्या टेबलावर पसरलेला असतो. स्क्रू पडला तर पांढऱ्यावर चटकन दिसतो. काल त्यांनी माझ्यावर चार घड्याळं जोडली, आणि दिवसभरात नाकासाठी मला एकदाही उचललं नाही.