अठ्ठेचाळिसावा तुकडा

सत्तेचाळीस झाले, आणि अठ्ठेचाळिसावा तो, छत्र्यांचा, मोजायचा की नाही हे तिला ठरवता येईना. बोट त्याच्या कोपऱ्यावर टेकलेलं तसंच राहिलं. बाबांच्या दोन शर्टांतून निघालेले अकरा, खालच्या शिंप्यानं टाकून द्यायला काढलेल्या कातरणीतले सोळा, क्रोशाची जाळी झडलेल्या उशीच्या अभ्र्याचे सहा, पडद्याचे नऊ, जुन्या बाजारात एकगठ्ठा मिळालेल्या रुमालांचे चार, आणि तिच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या कोटाच्या खिशाचा एक. सगळे धुतलेले, इस्त्री फिरवलेले, पुठ्ठ्याच्या साच्यावर ठेवून कापलेले. आडवे सहा, उभे आठ. ताईच्या होणाऱ्या बाळाचं दुपटं टेबलावर जवळजवळ पुरं झालं होतं. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात तेवढं टेबलाचं लाकूड दिसत होतं.

छत्र्यांचं कापड अजून घडीतच होतं. राखाडी जमीन, त्यावर पिवळ्या उघड्या छत्र्या, दांडे एकाआड एक डावीकडे नि उजवीकडे कललेले. खळ तशीच होती. काठाला गिरणीचा निळा शिक्का अर्धा उमटलेला. कोरं कापड — कुणाच्या अंगाला कधी न लागलेलं. गेल्या सुट्टीला जुन्या बाजारात फुटक्या चष्म्यांच्या टोपलीखालून ते ओढून काढलं, तेव्हा ती तिथंच, दोन दुकानांच्या मधे, उकिडवी बसून राहिली होती.

कारण हा फ्रॉक तिचा होता.

म्हणजे या कापडाचा. ती लाकडी खुर्चीवर उभी आहे, खुर्चीच्या एका पायाखाली कागदाची घडी, तरी ती डुगडुगतेच, अंगात छत्र्या, खाली आई, मुडप धरून, ओठांत टाचण्या... आणि त्या ओठांतूनच, दातांतून, आई म्हणते, ‘हलू नकोस.’ एवढंच. पुढचं नाही, मागचं नाही. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती आणि ताई नऊ. ताईकडे आई कपाटभर होती: आई चिडायची कशी, आईच्या हाताला वास कसला यायचा, पाहुणे उठले की आई त्यांची नक्कल कशी करायची. तिच्याकडे आई रुमालाएवढी होती. पण ती रुमालाएवढी आई तिची होती, ताईकडून ऐकून घेतलेली नव्हती.

काल रात्री तिनं कापडाचा फोटो ताईला पाठवला. सकाळी चहा उकळत होता तोवर ताईचा फोन.

“ठके! कुठं सापडलं गं तुला हे? माझा फ्रॉक!”

“तुझा?”

“मग काय, शेजारणीचा? आईनं शिवला आणि पहिल्याच धुण्यात आखडला, चांगला चार बोटं. मी असं भोकाड पसरलं की विचारू नकोस! मग मला खुर्चीवर उभी केली आणि मुडप उसवून खाली सोडली. तू खाली लोहचुंबक घेऊन टाचण्या गोळा करत फिरत होतीस. एक तोंडात घातलीस आणि धपाटा खाल्लास.”

“खुर्चीवर मी होते.”

“तू कशी असशील? तुझ्या अंगावर तो तंबू झाला असता.”

“आई मला म्हणाली होती, हलू नकोस.”

“तोंडात टाचण्या धरून?” ताई हसली. “आई तेव्हा चकार शब्द बोलायची नाही गं. भुवयांनी सांगायची. एकदा मी तिला हसवलं, तर आधी टाचण्या तळहातावर काढल्या, मग पोटभर हसली आणि मग मला धुतलं. सगळं क्रमानं!”

चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला आणि फडकं शोधत राहिली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

“ठके? आहेस ना?”

“आहे.”

“बरं बाई, तुझा तर तुझा फ्रॉक. आता चिंधीवरून भांडायचं का आपण? मला इथं माझी पावलं दिसत नाहीत, चप्पल सापडली तरी पायाला सापडत नाही, आणि तू फ्रॉक घेऊन बसलीस.”

तुझा तर तुझा. ताईनं नेहमीच असं दिलं होतं, खिडकीजवळची जागा, सायीचा चमचा, मोठी उशी. आणि ते घेताना तिला कधी काही वाटलं नव्हतं. पण आठवण अशी देता येते का? दिलेली आठवण घेतली तर ती घेणाऱ्याची होते, की देणाऱ्याचीच राहते...

तिनं बाबांनाही फोन करून पाहिला. “छत्र्यांचा?” बाबांनी आठवून पाहिलं. “होते की तुम्हा दोघींना फ्रॉक.” बाबांच्या लेखी जगात कपडे दोन प्रकारचे, इस्त्रीचे आणि बिनइस्त्रीचे.

मग ती आठवणीकडे निराळ्या रीतीनं पाहायला लागली, कामावर एखादा नमुना भिंगाखाली सरकवावा तशी. डोळे कुठं आहेत? हा साधा प्रश्न तिनं इतक्या वर्षांत कधी विचारला नव्हता. तिला आईचा भांग दिसतो, सरळ, एका जागी किंचित रुंद. भांग दिसतो म्हणजे डोळे वर आहेत, खुर्चीवर. मीच होते, मीच. पण ओठांतल्या टाचण्याही दिसतात, त्यांची डोकी चमकताना, सगळी एका रांगेत... मान खाली घातलेल्या बाईच्या ओठांतल्या टाचण्या वरून कशा दिसतील? त्या खालून दिसतात. जमिनीवर बसलेल्या पोरीला.

तिनं खुर्ची ओढली आणि वर चढली. फरशी एकदम लांब गेली. टेबलावरचा चहाचा पेला तिनं आईचं डोकं मानला: पेल्याचा काठ दिसत होता, बुडाजवळची नक्षी दिसत नव्हती. ती उतरली, फरशीवर बसली. आता नक्षी दिसली, काठ नाही. पुन्हा चढली. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई हातातला चिमटा तसाच धरून तिच्याकडे बघत होती. ती उगाचच छताचा पंखा पुसायला लागली, खांद्यावरच्या त्याच फडक्यानं.

दोन्ही एकदम दिसू शकत नाहीत. एक खरं, एक नंतर जोडलेलं. कुठलं?

कापड धुवायचं होतंच. हे तिला तिच्या पहिल्या दुपट्यानं शिकवलं होतं. त्यात एकच तुकडा न धुता गेला आणि पहिल्या धुलाईत तो एवढासा होऊन बसला, शेजारच्या चौघांना आत ओढून, आणि मग इस्त्री फिरवा, वजन ठेवा, त्या सुरकुत्या कधी गेल्या नाहीत. आणि कापड धुवून किती आखडतं हे मोजणं हे तर तिचं पोटापाण्याचं कामच. त्यामुळे तिच्या डोक्यात जे आलं ते इतकं सरळ होतं, की ते आधी का सुचलं नाही याचंच तिला नवल वाटलं. ताईचा फ्रॉक तेव्हा पासष्ट सेंटीमीटर तरी असणार. चार बोटं म्हणजे सात. ताई म्हणते तसं झालं असेल, तर या कापडावर वीस सेंटीमीटरवर घातलेल्या खुणा धुतल्यावर अठराच्या खाली यायला हव्यात. नुसतं साधं सुती कापड आखडतं तेवढंच आखडलं, एकोणिसाच्या वर राहिलं, तर कुणी मुडप उसवलीच नसेल. तर खुर्ची ताईची नाही. अठराच्या खाली ताई. एकोणिसाच्या वर मी.

तिनं उभ्या धाग्याला धरून लाल दोऱ्यानं तीन ठिकाणी खुणा शिवल्या, पट्टी लावून पुन्हा तपासल्या आणि तुकडा कोमट पाण्यात सोडला. खळ सुटली तशी पाण्यावर दुधाळ ढग आला. शिक्का फिका झाला. मऊ होत जाणारं कापड तळहातावर येऊन बसलं, आणि क्षणभर तिला वाटलं, हा स्पर्श मला माहीत आहे... पण ओलं सुती कापड सगळं असंच लागतं.

पिळायचं नाही, उन्हात टाकायचं नाही. तिनं ते पंचावर सपाट पसरलं, खिडकीशी, सावलीत. आणि आता इथं बसून राहिलं तर आपण सारखं बोट लावून बघणार, म्हणून ती बाहेर पडली.

जुन्या बाजारातला तो म्हातारा, चष्म्यांच्या टोपलीवाला, एका बाहुलीचा हात खांद्यात बसवत होता.

“काका, त्या छत्र्यांच्या कापडाचा आणखी तुकडा आहे?”

“संपलं. तुम्ही काल आला असता तर होतं असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू, तेवढंच होतं.” बाहुलीचा हात उलटा बसला, त्यानं तो पुन्हा उपटला. “काय चाललं होतं हो ते कापड एके काळी! ज्या गल्लीत बघाल तिथं छत्र्या. माझ्या दोन्ही भाच्यांना होतं. एकीचं दुसरीनं घातलं की सकाळी सकाळी जुंपायची.”

“धुतल्यावर आखडायचं का ते?”

“छे! एक धागा नाही. गिरणीचा माल होता तो.” मग तो जरा थांबला. “का? आखडलं?”

“अजून वाळतंय.”

“मग आखडलं तर आमचं नाव नका सांगू.”

ती हसली. परत येताना मात्र ते हसू कुठं तरी अडकलं. ज्या गल्लीत बघाल तिथं छत्र्या... म्हणजे दोन फ्रॉकही असतील. म्हणजे शेजारणीचाही असेल. आणि मग जिना चढता चढता, मधल्या वळणावर, तिला दुसरंच काही सुचलं आणि ती कठड्याला धरून उभी राहिली. समजा एकोणिसाच्या वर आलं. समजा खुर्चीवर मी होते. मग ताईचं भोकाड, चार बोटं, लोहचुंबक, धपाटा हे सगळं ताईच्या मनानं रचलेलं ठरेल. इतक्या खात्रीनं रचलेलं. मग आईच्या हाताचा वास? पाहुण्यांची नक्कल? आधी टाचण्या काढून मग पोटभर हसणारी आई, जी तिला आज सकाळीच पहिल्यांदा मिळाली होती आणि जी चहा सांडलेला ओटा पुसताना तिनं मनात दोनदा हसवून पाहिली होती, तिचं काय? रुमालापलीकडची तिच्याकडची सगळी आई ताईच्या हातची होती. सकाळपासून ती जिंकायचं म्हणत होती. पण जिंकून ती उभी कुठं राहणार होती?

आणि हरली तर रुमालही जाणार.

खोलीत शिरल्यावर तिनं लगेच कापडाकडे पाहिलं नाही. हात धुतले, पाणी प्यायली. टेबलावर सत्तेचाळीस तुकडे आणि एक लाकडाचा चौकोन. डोळे मिटून तिनं पुन्हा एकदा ती खुर्ची आणायचा प्रयत्न केला, आणि खुर्ची आली, पण आता तिच्यावर कोण आहे ते दिसेना. छत्र्या दिसल्या, त्यांच्या आत कुणीच नव्हतं. खालीही कुणी नव्हतं. भांग धूसर झाला, टाचण्या विझल्या. राहिला तो फक्त आवाज, दातांतून आलेला, जरा लाळेत भिजलेला: हलू नकोस. आवाज वरून ऐकला काय, खालून ऐकला काय, सारखाच. ताई म्हणते, आई तेव्हा बोलायचीच नाही. ताईला हा आवाज माहीत नाही. मग हा माझा असेल, किंवा कुणाचाच नसेल... ती हलली नाही. बराच वेळ तशीच, डोळे मिटून, टेबलाला धरून उभी राहिली, आणि आपण कुणाचं ऐकून अशा उभ्या आहोत, हे तिच्या लक्षात आलं तरीही उभीच राहिली.

कापड वाळलं होतं. तिनं ते न ताणता, तळहातानं हवा काढावी तसं टेबलावर पसरलं, लोखंडी पट्टी घेतली, पहिल्या लाल दोऱ्यावर शून्य टेकवलं आणि वाकली. तीन ठिकाणी मोजलं, मग उलट्या बाजूनं पुन्हा तीन ठिकाणी, आणि सरासरी काढली.

उभ्या धाग्यात, वीसचे अठरा पूर्णांक सहा.